डाइंगचे पाणी आणि नॅनोतंतूंची जाळी

सोलापुरी चादरीवरची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. आधी सूत रंगवायचे आणि मग ते जकार्डच्या मागावर चढवायचे, असा या धंद्याचा क्रम असल्यामुळे सोलापुरात यंत्रमागाच्या जोडीला डाइंगचा व्यवसायही वाढला. परंतु रंगाच्या हौदात टाकलेला सगळा रंग सुतावर चढत नाही. सुती धाग्यासाठी जे रिॲक्टिव्ह रंग वापरले जातात, त्यांतला साधारण दहा ते चाळीस टक्के भाग, रंगाची जात आणि छटा पाहून, सुताऐवजी पाण्याशीच संयोग पावतो आणि निकामी होतो. हा निकामी रंग नंतरच्या धुण्यात सुटून बाहेर येतो आणि त्याच्याबरोबर रंग चढावा म्हणून घातलेले मीठ, सोडा व साबणही येतात. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, त्या शहरात असे पाणी एकदा वापरून सोडून देणे परवडणारे नाही आणि तसेच नाल्यात सोडणे कायद्यालाही मान्य नाही. वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी २०१६ साली अधिसूचित झालेल्या मानकांप्रमाणे बाहेर पडणाऱ्या पाण्यात बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) लिटरमागे ३० मिलिग्रॅम, सीओडी (तीच घाण रसायनांनी जाळायला लागणारा प्राणवायू) २५० मिलिग्रॅम आणि विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, २१०० मिलिग्रॅम यांच्या आत असावे लागतात.

या प्रश्नावरचा नवा उपाय म्हणून इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे विजेच्या दाबाने द्रावणातून धागा ओढून, तयार केलेल्या अतिसूक्ष्म नॅनोतंतूंचे नाव अलीकडे वारंवार घेतले जाते. त्याचे वर्णन बहुधा ‘अतिशय बारीक चाळणी’ असे केले जाते आणि गैरसमजाला सुरुवात तिथूनच होते. रंगाचे पाणी स्वच्छ करताना या जाळीचे चाळणीपण फारसे कामाला येत नाही. कामाला येते ते तिचे अफाट पृष्ठफळ आणि त्या पृष्ठभागावर मुद्दाम बसवलेली रासायनिक पकड. हा फरक लक्षात घेतला, तर हे तंत्र डाइंगच्या कारखान्यात नेमके कुठे बसेल आणि कुठे बसणार नाही, हे साध्या हिशेबाने काढता येते.

एका ग्रॅमचा हिशेब

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७०,००० नॅनोमीटर भरते, कापसाचा तंतू साधारण १५,००० नॅनोमीटरचा असतो आणि इलेक्ट्रोस्पिनिंगने निघणारे तंतू बहुधा १०० ते ५०० नॅनोमीटरचे असतात. हे आकडे नुसते वाचून काही बोध होत नाही, म्हणून सुताच्या भाषेत मांडू. वीस काउंटचे सूत एक ग्रॅम घेतले, तर त्याची लांबी सुमारे ३४ मीटर भरते. दोनशे नॅनोमीटर जाडीचा प्लास्टिकसारख्या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) तंतू एक ग्रॅम घेतला, तर त्याची लांबी भरते २६,००० किलोमीटरहून अधिक, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या निम्म्याहून जास्त.

लांबीपेक्षाही महत्त्वाचे आहे ते पृष्ठफळ. वजन तेवढेच ठेवून तंतूचा व्यास निम्मा केला, की त्याचे पृष्ठफळ दुप्पट होते. कापसाइतक्या जाड तंतूचे पृष्ठफळ ग्रॅममागे जेमतेम ०.१८ चौरस मीटर असते, तर दोनशे नॅनोमीटरच्या तंतूचे १६ ते १७ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान खोलीच्या जमिनीएवढे. सोलापुरी टर्किश टॉवेल साध्या पंचापेक्षा जास्त पाणी टिपतो, कारण त्याच्या उभ्या फाशांमुळे पाण्याला भिडणारे सूत वाढते. तेच तत्त्व येथे कितीतरी पटींनी पुढे नेलेले असते.

तंतू कसा निघतो

मागावर चढवण्याआधी सुताला लावायच्या, म्हणजे सायझिंगच्या, खळीत जे पीव्हीए, म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, मिसळतात, तेच नॅनोतंतू काढायला सर्वांत सोपे आहे, कारण ते पाण्यात विरघळते आणि त्याला विषारी द्रावक लागत नाही. दहा ग्रॅम भुकटी नव्वद ग्रॅम पाण्यात घालून ८०-९० अंश सेल्सिअसला ढवळत राहिले, की काही वेळाने गुठळ्या जाऊन दाट, पारदर्शक द्रावण तयार होते. ते थंड करून सिरिंजमध्ये भरतात. सिरिंजला बोथट टोकाची धातूची सुई असते आणि मागून एक पंप दट्ट्या इतका हळू ढकलतो, की तासाभरात जेमतेम एक मिलिलिटर द्रावण पुढे सरकते. सुईला १५ ते २० हजार व्होल्टचा विद्युतदाब जोडतात आणि तिच्यासमोर वीतभराहून थोडे कमी अंतरावर ॲल्युमिनियमच्या फॉइलने मढवलेली, अर्थिंग दिलेली पट्टी ठेवतात. विद्युतप्रवाह अत्यल्प असल्यामुळे विजेचे बिल फारसे येत नाही, मात्र दाब मोठा असल्याने यंत्र चालू असताना पेटीचे दार उघडायचे नसते.

व्होल्टेज नसते तेव्हा सुईच्या टोकाशी थेंब फुगतो आणि गळून पडतो. दाब वाढवत गेले, की थेंबावर विद्युतभार साचतो. पृष्ठताण थेंबाला गोल ठेवू पाहतो, तर एकाच जातीचा भार आपसांतल्या प्रतिकर्षणाने त्याला बाहेर ओढू पाहतो. एका विशिष्ट दाबाला ही ओढ वरचढ ठरते. त्याच क्षणी थेंबाचा शंकू होतो आणि शंकूच्या टोकातून एक बारीक धार सुटते. या शंकूचे गणित जेफ्री टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६४ साली मांडले, म्हणून त्याला टेलर शंकू म्हणतात. धार थोडे अंतर सरळ जाते आणि मग अचानक भोवऱ्यात सापडल्यासारखी फिरू लागते. डोळ्यांना येथे एका धारेच्या अनेक धारा फुटल्यासारख्या दिसतात आणि अभ्यासकांचाही बराच काळ तसाच समज होता. पुढे अतिवेगवान छायाचित्रणातून दिसले, की धार बहुधा एकच असते, ती केवळ प्रचंड वेगाने गोल गोल फेकली जात असते. या फेकले जाण्यातच ती हजारो पट ताणली जाते, वाटेतच तिच्यातले पाणी उडून जाते आणि पट्टीवर कोरडा तंतू येऊन पडतो. हळूहळू फॉइलवर पांढुरका पापुद्रा चढतो. तो विणलेला नसतो. तंतू कसेही एकमेकांवर पडलेले असतात आणि त्यांच्यामधल्या पोकळ्याच ऐंशी ते नव्वद टक्के जागा व्यापतात.

हे तंत्र ‘नॅनो’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीचे आहे. जॉन कूली आणि विल्यम मॉर्टन यांनी त्याची पेटंटे १९०२ साली मिळवली होती, अँटन फॉर्महाल्स यांनी १९३४ पासून त्यात सुधारणा केल्या आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत संघात अशा तंतूंची गाळणी वायुमुखवट्यांसाठी तयार होऊ लागली होती. अमेरिकेतील ॲक्रन विद्यापीठाच्या डॅरेल रेनेकर यांच्या कामानंतर, १९९०च्या दशकात, जगभरच्या प्रयोगशाळा याकडे वळल्या.

हवामानाचा प्रश्न सोलापूरकरांना ओळखीचा वाटेल, फक्त उलट्या बाजूने. मागावर सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये आर्द्रता राखावी लागते. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये आर्द्रता जास्त झाली तर धार वाळायच्या आतच पट्टीवर पोहोचते आणि तंतू एकमेकांत विरघळून चिकटतात. उलट हवा फारच कोरडी असेल, जशी ती येथे एप्रिल-मे महिन्यांत असते, तर द्रावण सुईच्या टोकाशीच वाळून तोंड बुजते. म्हणून बंदिस्त, हवामान नियंत्रित पेटी लागतेच.

चाळणी कुठे थांबते

या पापुद्र्यातली छिद्रे साधारणपणे काहीशे नॅनोमीटरपासून दोन-तीन मायक्रोमीटरपर्यंतची असतात (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर). गाळ, कापसाचा फुफाटा, शैवाल आणि योग्य जाडीची जाळी असेल तर बहुतेक जिवाणूसुद्धा येथे अडतात, कारण जिवाणूंचा आकार अर्ध्या मायक्रोमीटरपासून पुढे असतो. पोकळ्या भरपूर आणि एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे पाणी सहज उतरते. मोठ्या पंपाची गरज नसते, टाकी उंचावर ठेवली तरी भागते. मात्र रंगाचा रेणू एक ते तीन नॅनोमीटरचा असतो. काहीशे नॅनोमीटरच्या छिद्रातून तो निर्धास्तपणे पलीकडे जातो. मिठाच्या आयनांची तर गोष्टच नको.

त्यामुळे रंग अडवायचा असेल तर तो तंतूला चिकटला पाहिजे. रिॲक्टिव्ह रंगांच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात आणि पाण्यात त्यांच्यावर ऋण भार असतो. साहजिकच तंतूवर धन भार हवा. कोळंबी आणि खेकड्याच्या कवचांपासून मिळणारे कायटोसन पीव्हीएमध्ये मिसळून तंतू काढले, तर कायटोसनवरचे अमिनो गट हे काम करतात. क्रोमियम, शिसे, तांबे अशा धातूंसाठी वेगळी तजवीज असते: पॉलिॲक्रिलोनायट्राइलचे, म्हणजे ॲक्रिलिक लोकर ज्यापासून होते त्या बहुवारिकाचे, तंतू काढून त्यांवर रासायनिक प्रक्रियेने ॲमिडॉक्झाइम गट तयार करतात आणि हे गट धातूच्या आयनांना चिमटीत धरतात. पीव्हीएचा तंतू पाण्यात पुन्हा विरघळू नये म्हणून त्याच्या साखळ्या आपसांत बांधून घ्याव्या लागतात. त्यासाठी ग्लुटराल्डिहाइड वापरतात किंवा सायट्रिक आम्ल मिसळून तापवतात. दुसरा मार्ग सौम्य आहे आणि मला तो अधिक पसंत आहे, कारण पाणी शुद्ध करायच्या वस्तूतून विषारी अंश पाझरण्याची भीती त्यात कमी राहते.

येथपर्यंतचे वर्णन ऐकून काम फत्ते झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष डाइंगच्या हौदाजवळ उभे राहिले की अडचणी दिसतात. पहिली अडचण पीएचची. रिॲक्टिव्ह रंग सुतावर पक्का करण्यासाठी सोडा घातलेला असतो, त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच दहा-अकराच्या घरात असतो. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात कायटोसनचे अमिनो गट आपला धन भार गमावतात आणि पकड सुटते. आधी आम्ल घालून पाणी उदासीन, किंबहुना किंचित आम्लधर्मी, करावे लागते. चतुर्थक अमोनियम जातीचे गट बसवले तर पीएच कितीही असला तरी भार टिकतो, पण तयार करण्याचा खर्च वाढतो. दुसरी अडचण मिठाची. गडद छटेसाठी लिटरमागे साठ-ऐंशी ग्रॅम मीठ घालावे लागते. या मिठातले ऋण आयन त्याच धन जागांसाठी रंगाशी स्पर्धा करतात आणि संख्येने ते रंगाच्या रेणूंपेक्षा कित्येक पट जास्त असतात.

या विषयावरचे शोधनिबंध वाचताना म्हणूनच एक गोष्ट आवर्जून पाहावी. पुष्कळ प्रयोगांत शुद्ध पाण्यात मिथिलीन ब्लू हा एकच रंग विरघळवून जाळीची क्षमता मोजलेली असते. मिथिलीन ब्लूवर धन भार असतो, म्हणजे सुतावरच्या रिॲक्टिव्ह रंगाच्या नेमका उलटा. शिवाय त्या पाण्यात मीठ नसते, सोडा नसतो, साबण नसतो आणि दुसरा रंगही नसतो. असा आकडा खोटा नसतो, पण सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या प्रोसेस हाउसला, म्हणजे रंगाईच्या कारखान्याला, त्याचा उपयोग मर्यादित आहे.

तुलना सक्रिय कोळशाशीही करायला हवी, कारण तो बाजारात सहज मिळतो आणि स्वस्त आहे. चांगल्या सक्रिय कोळशाचे पृष्ठफळ ग्रॅममागे ५०० ते १५०० चौरस मीटर असते, म्हणजे नॅनोतंतूंपेक्षा कितीतरी जास्त. फरक असा, की कोळशाचे बहुतेक पृष्ठफळ आतल्या चिंचोळ्या बोळांत दडलेले असते. तेथवर पोहोचायला रंगाच्या मोठ्या रेणूला वेळ लागतो आणि काही बोळांत तो शिरतच नाही. नॅनोतंतूचे पृष्ठफळ सगळे उघड्यावर असते, म्हणून तो झटपट रंग धरतो आणि धुतला की झटपट सोडतोही. याचा अर्थ त्याची बाजू वेगाची आणि पुन्हा वापरता येण्याची आहे, साठवणुकीच्या क्षमतेची नाही.

शंभर किलोचा प्रश्न

आता हिशेब मांडू. समजा, एक ग्रॅम जाळी शंभर मिलिग्रॅम रंग धरते. हा आकडा मिठाचा त्रास लक्षात घेता उदारच म्हणायचा. समजा, एका कारखान्यातून रोज एक लाख लिटर पाणी बाहेर पडते आणि त्यात लिटरमागे शंभर मिलिग्रॅम रंग आहे. म्हणजे रोजचा रंग दहा किलो आणि तो धरायला जाळी शंभर किलो. वर सांगितलेली एका सुईची मांडणी तासाला सुमारे ०.१ ग्रॅम तंतू देते, म्हणजे दिवसरात्र चालवूनही २.४ ग्रॅम. एका दिवसाच्या जाळीसाठी चाळीस हजारांहून अधिक सुया लागतील.

सुयांऐवजी द्रावणात बुडून फिरणाऱ्या रुळावरून किंवा ताणलेल्या तारेवरून एकाच वेळी शेकडो धारा उडवणारी यंत्रे औद्योगिक पातळीवर उपलब्ध आहेत. चेक प्रजासत्ताकातील लिबरेत्स येथील तंत्र विद्यापीठात या दिशेने महत्त्वाचे काम झाले. तीच जाळी आम्ल किंवा अल्कलीने धुऊन वीस-तीस वेळा वापरता आली, तर शंभर किलोचे ओझे पुष्कळ उतरते. तरीही कच्चे, गडद सांडपाणी थेट नॅनोतंतूंवर सोडण्यात शहाणपण नाही, हे या हिशेबातून स्पष्ट होते. तुरटी किंवा लोहक्षार घालून रंग साकळवणे, गाळ बसू देणे आणि जैविक प्रक्रिया करणे हे ईटीपीमधले, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतले, नेहमीचे टप्पे आधी झालेच पाहिजेत. लिटरमागे शंभर मिलिग्रॅमवरून रंग पाच मिलिग्रॅमवर आला, की तीच शंभर किलो जाळी एका दिवसाऐवजी वीस दिवस पुरते. शेवटची छटा काढून पाणी पुन्हा धुलाईला वापरण्याजोगे करणे, ही या जाळीची खरी जागा आहे.

टायटॅनियम डायऑक्साइडचे कण तंतूंत बसवून सूर्यप्रकाशात रंगाचे रेणू तोडण्याच्या प्रयोगांनाही हीच मर्यादा आहे. हा पदार्थ मुख्यतः ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या अतिनील किरणांवर चालतो आणि सूर्यप्रकाशात अशा किरणांचा वाटा पाचेक टक्केच असतो. सोलापूरला उन्हाचा तोटा नसला तरी गडद पाण्यात प्रकाश बोटभरसुद्धा आत जात नाही.

मिठाचे काय

रंग गेला, पाणी काचेसारखे दिसू लागले, तरी टीडीएस जागच्या जागी असतो. एका लिटरमध्ये साठ ग्रॅम मीठ म्हणजे टीडीएस साठ हजार. धुण्याच्या पाण्यात मिसळून तो उतरला तरी काही हजारांत राहतो आणि मानक आहे २१००चे. मीठ काढायला आरओ लागतो आणि त्यातून मागे उरणारे खारट पाणी ही नवी डोकेदुखी होते.

नॅनोतंतूंचा मला सर्वांत आशादायक वाटणारा उपयोग या ठिकाणी आहे आणि त्याची चर्चा तुलनेने कमी होते. त्याला मेम्ब्रेन डिस्टिलेशन म्हणतात. पीव्हीडीएफसारख्या पाण्याला दूर लोटणाऱ्या बहुवारिकाची जाळी घ्यायची, तिच्या एका अंगाने गरम खारे पाणी आणि दुसऱ्या अंगाने थंड पाणी वाहू द्यायचे. द्रवरूप पाणी छिद्रांत शिरू शकत नाही, पण वाफ शिरते. ६० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब ३० अंशांच्या पाण्याच्या सुमारे पावणेपाचपट असतो, म्हणून वाफ गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते आणि तेथे शुद्ध पाणी होऊन मिसळते. मीठ आणि रंग मागे राहतात. भरपूर पोकळ्यांची, पातळ जाळी या कामाला अनुकूल असते आणि आरओसारखा मोठा दाबही लागत नाही.

डाइंगचे पाणी मुळातच गरम बाहेर पडते, तेव्हा उष्णता फुकटच मिळाली, असे कोणालाही वाटेल. पण एक लिटर पाणी ६० अंशांवरून ३० अंशांवर येताना जेवढी उष्णता देते, तेवढ्या उष्णतेत त्यातले जेमतेम पाच टक्के पाणी वाफ होऊ शकते. बाकीच्यासाठी उष्णता बाहेरून आणावी लागते. बॉयलरच्या धुराड्यातून वाया जाणारी उष्णता किंवा छतावरचे सौर पाणी तापक जोडता आले तरच गणित जमते. दुसरा धोका साबणाचा आहे. सोपिंगच्या, म्हणजे रंगवलेले सूत साबणाने धुण्याच्या, टप्प्यात वापरलेली द्रव्ये पाण्याचा पृष्ठताण घटवतात आणि मग पाणी छिद्रांत शिरते. एकदा जाळी अशी भिजली, की खारे पाणी सरळ पलीकडे जाऊ लागते. यासाठी सोपिंगचे पाणी वेगळ्या पाइपने वेगळ्या टाकीत घ्यावे लागेल आणि जुन्या शेडमध्ये ती तोडफोड यंत्राच्या किमतीइतकीच महाग पडू शकते.

उणिवा आणखीही आहेत. पापुद्रा इतका नाजूक असतो, की जाड नॉनवोव्हन (न विणलेल्या) कापडावर बसवल्याशिवाय तो हाताळता येत नाही. पीव्हीडीएफ आणि पॉलिॲक्रिलोनायट्राइल विरघळवायला डायमिथिल फॉर्मामाइड हे यकृताला घातक असलेले द्रावक सर्रास वापरतात, म्हणजे पाणी स्वच्छ करायची जाळी तयार करताना हवा बिघडवण्याचा धोका राहतो. तुटलेले तंतू पाण्याबरोबर वाहून गेले तर ते सूक्ष्म प्लास्टिकच असतात.

घरगुती पाण्यासाठी हे तंत्र त्या मानाने सोपे आहे. अनेक दिवस साठवलेल्या पाण्यातला गाळ आणि जिवाणू अडवायला विजेविना चालणारे नॅनोतंतूंचे गाळण उपयोगी पडू शकते. बोअरच्या पाण्याचा जडपणा, नायट्रेट किंवा फ्लोराइड मात्र साध्या जाळीने कमी होणार नाहीत.

कारखानदाराकडे कोणी अशी जाळी विकायला आला, तर चाचणी आपल्याच हौदातल्या पाण्यावर, मीठ आणि सोड्यासकट घ्यायला सांगावी. पहिल्या वापराचा नव्हे, निदान विसाव्या धुण्यानंतरचा आकडा मागावा. आणि जाळी धुतल्यावर जे गडद, आम्ल किंवा अल्कली मिसळलेले पाणी उरते ते कुठे जाणार, हेही त्याच वेळी विचारावे, कारण रंग नाहीसा झालेला नसतो, तो लाख लिटरांतून निघून काही शे लिटरांत आलेला असतो. तेवढे पाणी आटवून उरलेला गाळ घातक कचरा म्हणून अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवावा लागतो आणि त्याचा दर किलोवर लागतो.